वजन किती? खरं सांग!

‘‘तुझं वजन किती? खरं सांग.’’

जिमवाल्यानंही मला हा प्रश्न इतक्या सीरियसली कधी विचारला नव्हता. विचारणारा माझा बिलोलीचा शाळकरी दोस्त. आता कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरवाला, आणि वर्षभरापासून हौशी पायलट. मी पुण्याहून पंधरा दिवस त्याच्याकडे गेलो, तर पठ्ठ्यानं थेट ऑफर टाकली, ‘‘चल, तुला गोल्डन गेट वरून दाखवतो.’’

हा प्राणी कोण, ते आधी सांगायला हवं. येसगीच्या पुलावरून मांजरेत उडी मारायच्या पैजा लावणारा हाच. ट्रिपल सीट, हेडलाइट बंद, अशी गाडी नरसीपर्यंत दामटणारा पण हाच! त्याच्या शेजारी बसून हवेत जायचं म्हणजे... घरी फोन केला, पण हा विषय काही काढला नाही.

पालो आल्टोचा विमानतळ खाडीला अगदी खेटून आहे. आमचं विमान सेसना १७२. चार सीट, एक इंजिन. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे मॉडेल जगात सर्वात जास्त संख्येनं बनलंय. पण दार लावताना मला आमची जुनी मारुती ८०० आठवली, काय करणार!

अर्धा तास हा नुसता विमानाभोवती फिरत होता. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत काढून उजेडात धरलं, पाणी तर मिसळलं नाही ना बघायला. मग वर चढून टाकीत पट्टी बुडवली.

‘‘काटा फुल दाखवतोय की!’’

‘‘काट्यावर कोण विश्वास ठेवतं?’’

मग यादी. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलेली. माझा पट्टा त्यानं स्वतः ओढून पाहिला, दार कसं उघडायचं ते माझ्याकडून करून घेतलं. दहावीचा पेपर देतानाही हा इतका शांत नव्हता.

त्याच्या लायसन्सचा फंडा असा : किमान ४० तासांचं उड्डाण, आपल्याकडेही तेवढंच. त्यावर कमाई करायची नाही. अमेरिकेत सोबतच्या मित्राकडून भाडं-इंधनाचा समान वाटा घेता येतो, बस्स. आणि मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग झाली नसतील तर शेजारी कुणाला बसवायचंच नाही. एकट्यानं उडायचं तर उड!

आम्ही उडालो. खाली गुलाबी-तपकिरी मिठागरं, स्टॅनफर्डचा मनोरा, हायवेवर मुंग्यांसारख्या गाड्या. हेडफोनमध्ये कंट्रोलरची बडबड. मोठ्या विमानात आपण खिडकीतून बघतो; इथं समोरच्या काचेतून सगळं आपल्या अंगावर येतं. मी जाम खूश. सॅन मटेओचा पूल मागे पडला आणि पुढे पांढरं काहीतरी दिसलं. समुद्रावरचं धुकं खाडीच्या तोंडातून आत शिरून शहरावर चढत होतं.

त्यानं दोनदा तिकडे पाहिलं, रेडिओवर काहीतरी बोलला आणि विमान वळवलं.

‘‘कामून रे? पाच मिनिटांवर तर आहे!’’

‘‘नाही जायचं.’’

‘‘अरे, मी एवढ्या लांबून आलो...’’

‘‘म्हणूनच.’’

मी तोंड पाडून बसलो. खरं सांगतो, राग आला होता. उतरल्यावर कॉफी घेताना त्यानं केनेडी ज्युनियरचा विषय काढला. १६ जुलै १९९९ ची रात्र. सोबत बायको आणि मेहुणी. हवा धुरकट, खाली काळा समुद्र, आणि वर कुठलं, खाली कुठलं याचं भानच सुटलं. तिघंही गेले. चौकशीत विमानात बिघाड सापडला नाही.

‘‘त्याला कुणी थांबवलं नसेल,’’ मी म्हटलं.

‘‘थांबवणारा तोच होता ना. पायलट तो.’’ मग हसून म्हणाला, ‘‘पहिल्यांदा एकट्यानं उडालो तेव्हा मजा वाटली. पहिल्यांदा शेजारी बायको बसली, तेव्हा तळहात ओले झाले होते.’’

पुलावरच्या पैजांची आठवण काढली, तर साहेबांना ती आवडली नाही.

निघताना त्यानं बिल समोर सरकवलं. पूल दिसला नाही तरी निम्मे पैसे माझेच होते.