'माझे शहर' हा निबंध आळीपासून सुरू करूया

'माझे शहर' हा निबंध दिला की वह्यांत काय येतं ते तुम्हालाही पाठ असेल. 'पुणे हे विद्येचे माहेरघर आहे. येथे शनिवारवाडा आहे. पुण्याची बाकरवडी प्रसिद्ध आहे.' सगळ्या वह्यांत तेच! मूल भवानी पेठेत राहणारं असो की वाघोलीत, निबंध एकच. दोष मुलांचा नाही. शहर म्हणजे वाडे, पूल आणि पुतळे, असं आपणच शिकवत आलो.

खरं तर पुणं वाढलं ते पेठेपेठेने. कसबा ही जुनी वस्ती. बाकीच्या पेठा एकेक करून वसवल्या गेल्या. पेठ वसवणे म्हणजे नुसती घरे बांधणे नव्हे. व्यापाऱ्यांना, कारागिरांना कौल देऊन बोलवायचं, सुरुवातीची काही वर्षं करात सूट द्यायची, शेटे-महाजन नेमायचे, मग बाजार उभा राहायचा. सदाशिव पेठेला सदाशिवरावभाऊंचं नाव, नाना पेठेला नाना फडणवीसांचं. आजची गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती. आणि आळ्या तर नावातूनच बोलतात. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी. तांब्याची भांडी कोण घडवत होतं, टोपल्या-सुपं कुठे मिळत होती, हे सांगायला वेगळा धडा कशाला हवा?

पाण्याचंही तसंच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ बांधून पाणी शहरातल्या हौदांत आणलं. हौद म्हणजे पेठेचं भेटण्याचं ठिकाण.

मात्र पेठांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. हौद सगळ्यांचा नव्हता. वस्त्या जातीनुसार होत्या, आणि काहींना पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. जोतीराव फुल्यांनी 1868 साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याआधी 1848 मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली होती. म्हणजे शहराला वळण देणाऱ्या या दोन्ही गोष्टी कुठल्या राजवाड्यात घडल्या नाहीत; एक भाड्यापाण्याच्या वस्तीतल्या वाड्यात, दुसरी घराच्या अंगणात. 'आपल्या गल्लीत काय घडणार?' असं म्हणणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा.

आता आजच्याकडे या. 2021 मध्ये आणखी 23 गावं महापालिकेत आली. वाघोली, सूस, नऱ्हे ही त्यातलीच. इथे इमारती आधी आल्या, रस्ता आणि पाणी मागाहून. पेठेला हौद होता, इथल्या कित्येक सोसायट्यांच्या दारात टँकर उभा असतो. सोसायट्यांची नावंही अशी, की आपण पुण्यात आहोत की परदेशात ते कळू नये! तिथलं मूल म्हणतं, आमच्याकडे इतिहासच नाही. असं कसं? ग्रामदैवत आहे, जुनी विहीर आहे, शेत विकून रिक्षा घेतलेले काका आहेत, बांधकामावर आलेली परप्रांतातली कुटुंबं आहेत. मला तर वाटतं, पेठेतल्या मुलापेक्षा याच मुलाला शहर घडताना डोळ्यांदेखत बघायला मिळतंय.

'अभ्यासक्रम संपवायचा की हे करायचं?' असा प्रश्न येणारच. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास हा विषय आहे, त्याच्या नावातच हे काम आलं. आणि पालकांनो, यासाठी सहल नको, एक रविवार पुरे. मुलाला घेऊन चौकापर्यंत चालत जा. या चौकाला हे नाव का? आपलं पाणी कुठून येतं आणि कचरा कुठे जातो? इथे इमारतीआधी काय होतं? उत्तर तुम्हालाही येत नसेल तर किराणा दुकानदाराला विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

आणि शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या वेळी शनिवारवाड्याचं एकही वाक्य नसलेला, पण स्वतःच्या गल्लीतल्या टँकरबद्दल लिहिलेला निबंध हातात पडला, तर 'विषय सोडून लिहिले' असा शेरा देऊन गुण कापू नका.