सूर्य पाहिला, हवेचे काय?

मे 2024 मधील सौरवादळाच्या रात्री लडाखमधील हानले येथे आकाशात लाल झळाळी दिसली. छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरली, चार दिवस कौतुक झाले, विषय संपला. तो लाल रंग मात्र हवेच्या रसायनाचा होता. दोनशे किलोमीटरच्या वर ऑक्सिजन बराचसा सुट्या अणूंच्या रूपात असतो. वादळात तापलेले इलेक्ट्रॉन त्यांना ऊर्जा देतात आणि ते ती लाल प्रकाशाच्या रूपाने सोडतात. पण सावकाश, सुमारे दोन मिनिटांनी. खालच्या दाट हवेत तेवढी उसंत मिळत नाही, त्याआधीच टक्कर होते.

सूर्य चेकाळला की अतिनील आणि क्ष-किरण नायट्रोजनचे रेणू फोडतात. त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि हा वायू उष्णता अवरक्त किरणांवाटे अवकाशात सोडून देतो. वातावरणाने स्वतःच बसवलेला थर्मोस्टॅटच म्हणा. तरीही तापलेली हवा आधी फुगतेच. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले 49 पैकी 38 उपग्रह याच फुगलेल्या हवेत अडखळून गमावले गेले.

ऑक्टोबर 2003 च्या वादळात प्रोटॉन ध्रुवांवर आणखी खोल उतरले. पन्नास-साठ किलोमीटर उंचीवरचा ओझोन काही ठिकाणी निम्म्याहून अधिक घटला. यावरून ‘ओझोनचे छत्र फाटले’ अशी आवई उठवण्याचे कारण नाही. बहुतांश ओझोन त्याच्या बराच खाली असतो, आणि मुंबई-पुण्याच्या उन्हात त्याने काही फरक पडला नाही. मुद्दा वेगळा आहे. ध्रुवीय हिवाळ्याच्या अंधारात नायट्रोजनची ऑक्साइडे आठवडेच्या आठवडे टिकतात, हळूहळू खाली झिरपतात आणि तिथलाही ओझोन खातात. माँट्रियल करारानंतर ओझोन किती सावरला हे मोजताना सूर्याचा हा वाटा वेगळा काढावाच लागतो. नाहीतर यशापयशाचे माप चुकते.

त्यासाठी सातत्याने मोजणारी उपकरणे लागतात. अमेरिकेचा ‘टाइम्ड’ उपग्रह डिसेंबर 2001 मध्ये दोन वर्षांच्या कामासाठी सोडला होता. त्याच्याच जोरावर शास्त्रज्ञांनी दोन दशकांहून अधिक काळ निभावले. भारताचे ‘आदित्य एल-1’ सूर्यावर नजर ठेवून आहे, हे उत्तमच. पण सूर्याने काय धाडले हे त्यातून कळते. शंभर किलोमीटरवरच्या हवेने त्याचे काय केले, हे कळत नाही. पुढच्या मोहिमांचे खर्च ठरवताना इस्रोने नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन मोजणारे एखादे स्वदेशी उपकरण यादीत वर घ्यायला हवे.