एकच गोळी निवडायची, तर शिशाची नको

अमेरिकेतील मोंटाना, वायोमिंग, कोलोरॅडो या डोंगराळ राज्यांत शरद ऋतू लागला की शिकारीचा हंगाम सुरू होतो. परवाना कोणाला, हंगाम किती दिवसांचा, जनावरे किती मारायची हे सारे तिथले सरकार ठरवून देते. मारलेल्या जनावराचे मांस फ्रीजरमध्ये भरून वर्षभर पुरवणारी असंख्य कुटुंबे तिथे आहेत. या शिकाऱ्यांमध्ये एक वाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. प्रॉन्गहॉर्न जेमतेम 50 किलोचे, म्यूल डिअरचा नर त्याच्या जवळपास दुप्पट, एल्कचा नर 300 किलोंच्या घरात आणि मूस त्याहूनही थोराड. या सर्वांसाठी एकाच रायफलमध्ये एकच गोळी वापरायची झाली, तर ती कोणती?

रायफलचे उत्तर बहुतेकांनी केव्हाच शोधले आहे. अमेरिकी लष्कराने 1906 मध्ये स्वीकारलेले ‘थर्टी-ओ-सिक्स’ हे काडतूस आजही या कामासाठी लोकप्रिय आहे. त्यात साधारण 150 ते 220 ग्रेन, म्हणजे सुमारे 10 ते 14 ग्रॅम वजनाची गोळी बसते. वाद आहे तो गोळीच्या वजनाचा आणि घडणीचा. पण या वादात एक प्रश्न फार उशिरा आला: जनावर पडल्यानंतर त्या गोळीचे काय होते?

त्याआधी गोळीचे काम समजून घ्यायला हवे. शिकारीची गोळी शरीरात शिरताच पुढून उमलते, अळंबीच्या छत्रीसारखी पसरते आणि रुंद जखम करते. हृदय-फुप्फुसांना अशी जखम झाली तर जनावर लवकर मरते. न उमलणारी गोळी आरपार निघून जाते आणि जखमी जनावर तडफडत मैलोन् मैल पळते. म्हणूनच मोठ्या जनावरांच्या शिकारीत न उमलणारी, पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी वापरण्यास अनेक ठिकाणी मनाई आहे. युद्धात नियम नेमका उलटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या डमडम येथील शस्त्रकारखान्यात बनलेल्या उमलणाऱ्या गोळ्यांवरून इतके काहूर माजले की, 1899 च्या हेग परिषदेत युद्धात त्यांचा वापर करू नये असे जाहीर झाले. माणसासाठी जे क्रूर मानले गेले, तेच जनावराच्या बाबतीत दयेचे ठरले.

उमलण्यासाठी धातू मऊ हवा आणि खोलवर शिरण्यासाठी जड हवा. शिसे दोन्ही आहे, शिवाय स्वस्त. तांब्याचे पातळ आवरण आणि आत शिशाचा गाभा ही रचना त्यामुळेच शतकभर टिकली. अडचण इतकीच की हलक्या हरणासाठी चटकन उमलणारी गोळी मूसच्या जाड खांद्यावर फुटून जाते आणि मूससाठी घडवलेली टणक गोळी हरणाच्या अंगात पुरती उमलत नाही. जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याच्या गोळ्या 1946 मध्ये कॅनडात चिखलाने माखलेल्या एका मूसवर अशाच निष्प्रभ ठरल्या. त्यावर त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुटून पसरतो, मागचा तसाच आत घुसतो. ‘सर्वांसाठी एक’ या प्रश्नाचे हे पहिले पटण्याजोगे उत्तर होते.

पण या हुशार गोळीचाही पुढचा भाग शिशाचाच असतो आणि तो जनावराच्या अंगात राहतो. 180 ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमची गोळी एक तृतीयांश वजन गमावते असे धरले, तर चार ग्रॅमच्या आसपास धातू मांसात विखुरतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिशाच्या गोळ्यांनी मारलेल्या 30 हरणांची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली. प्रत्येक हरणात सरासरी 136 धातुकण दिसले. कमीत कमी 15, जास्तीत जास्त 409. हे मांस नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या खाटकांकडून साफ करून घेतले होते. तरीही 30 पैकी 24 हरणांच्या खिम्याच्या पाकिटांत कण सापडले. तेच मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातील शिसे वाढले.

जखमेभोवतीचे मांस कापून टाकले की झाले, हा समज इथेच खोटा ठरतो. मोठा तुकडा दाताखाली येतो आणि थुंकला जातो. बारीक कण ना डोळ्यांना दिसतात, ना जिभेला कळतात. एक मिलिमीटर व्यासाचा शिशाचा कण सुमारे सहा मिलिग्रॅमचा, म्हणजे सहा हजार मायक्रोग्रॅमचा असतो. तो सगळाच रक्तात उतरत नाही, पण पोटातील आम्ल त्याचा काही भाग विरघळवते. मांस आंबट पदार्थांत मुरवले किंवा शिजवले तर कणांतले शिसे आणखी सहज सुटते. मोठी माणसे जेवढे शिसे शोषतात त्याच्या कितीतरी पट प्रमाणात लहान मुलांचे आतडे ते ओढून घेते आणि घडणाऱ्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणजे शिकारीचे मांस खाणारी सगळी माणसे विषबाधेने आजारी आहेत का? तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. नॉर्थ डकोटा राज्यात 2008 मध्ये 736 जणांचे रक्त तपासले गेले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तातील शिसे इतरांपेक्षा प्रतिडेसिलिटर सरासरी 0.3 मायक्रोग्रॅमने जास्त निघाले. वाढ लहान आहे आणि शिशाच्या गोळीचे समर्थक हाच आकडा पुढे करतात. पण सरासरीमागे ते मूल दडून राहते, ज्याच्या ताटात आठवड्यातून तीनदा हाच खिमा येतो. त्याच वर्षी त्या राज्याच्या आरोग्य खात्याने गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा वाटू नये, असा सल्ला अन्नपेढ्यांना दिला. ज्यांना निवडून खाण्याची चैन परवडत नाही, त्यांच्याच वाट्याला हे कण येत होते.

माणसाला निदान विचारता येते, पक्ष्यांना तेही नाही. शिकारी जनावर जागेवरच फाडतो, मांस नेतो आणि आतडी रानात सोडतो. त्यावर गिधाडे, गरुड, कावळे तुटून पडतात. कॅलिफोर्निया कॉन्डर हा अवाढव्य गिधाडवर्गीय पक्षी 1982 मध्ये फक्त 22 उरला होता. बंदिस्त प्रजननातून ही संख्या पुन्हा शेकड्यांत गेली, पण मोकळ्या रानातल्या कॉन्डरच्या मृत्यूचे प्रमुख कारण आजही शिसे हेच आहे. मराठी वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक मृत जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि भारतातली गिधाडे दीड दशकात जवळपास नामशेष झाली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. औषध गुरासाठी चांगलेच होते, पण गुरू मेल्यावर ते कोणाच्या पोटात जाईल, याचा विचार कोणी केला नव्हता.

शिशाला पर्याय आहे आणि तो नवाही नाही. संपूर्ण तांब्याची, पुढून पोकळ गोळी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहे. ती चार पाकळ्यांसारखी उमलते आणि आपले वजन जवळपास पूर्ण राखते. त्यामुळे हलकी गोळीही खोल जाते. 180 ग्रेनच्या शिशाचे काम 165 ग्रेनचे तांबे करते, प्रॉन्गहॉर्नपासून एल्कपर्यंत. मूळ वादाचे उत्तर इथे आपसूकच मिळते.

आक्षेपही खरे आहेत. ही गोळी बहुधा महाग असते. शिशापेक्षा तांबे हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही जुन्या रायफलींना ती मानवत नाही. फार दूरवर वेग मंदावला की ती नीट उमलत नाही. पण वर्षाला एखाद-दुसरे जनावर मारणाऱ्याला प्रत्यक्ष शिकारीत काही मोजक्याच गोळ्या लागतात. आणि दूरवरून नेम धरू नये, जवळ जावे, हा तर शिकारीचा जुनाच धर्म आहे. नेम चुकला तर कोणत्याही धातूची गोळी जनावराचे हाल टाळू शकत नाही.

कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण मनाई केली. डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाचे छर्रे आणि एप्रिल 2024 पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या. दोन्हीकडे शिकार सुरूच आहे. ॲरिझोनात सक्ती नाही, पण कॉन्डरच्या प्रदेशात सरकारने शिसेमुक्त गोळ्या मोफत देऊ केल्या आणि बहुसंख्य शिकाऱ्यांनी त्या वापरल्या. समजावून सांगितले तर शिकारी ऐकतात, याचा हा पुरावा आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, हे चांगलेच झाले. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरात शेजारी प्रेमाने हरणाचा खिमा आणून देतो, तेव्हा गोळी कशाची होती हे विचारण्यात संकोच नको. घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर नक्कीच नको. उत्तर ‘शिसे’ असे आले, किंवा आलेच नाही, तर तो खिमा त्यांच्या ताटात वाढू नये.