होल्स्टर की बेल्ट क्लिप? लपवलेल्या पिस्तुलाचा न दिसणारा धोका

अमेरिकेत २०२४ साली लुईझियाना आणि साउथ कॅरोलायना या दोन राज्यांनी परवाना न काढता पिस्तूल लपवून बाळगायला मुभा दिली आणि अशा राज्यांची संख्या २९ झाली. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती हक्काची आणि गुन्हेगारीची. पण पिस्तूल कमरेला नेमकं कसं अडकवायचं, हा साधा तांत्रिक प्रश्न बाजूलाच राहिला. मला तो महत्त्वाचा वाटतो. कारण परवान्याची अट गेली, की बऱ्याच ठिकाणी तिच्यासोबत सक्तीचं प्रशिक्षणही जातं.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मित्राने मला विचारलं, "होल्स्टर जाड वाटतं, उन्हाळ्यात टोचतं. त्याऐवजी क्लिप लावली तर काय बिघडलं?" चला, समजून घेऊया.

क्लिप म्हणजे काय?

पेनाच्या टोपणाला खिशात अडकवायची पट्टी असते ना, तसाच हा प्रकार. धातूची एक पातळ पट्टी पिस्तुलाच्या बाजूला बसवतात. पिस्तूल पँटच्या आत खोवायचं आणि पट्टी बेल्टवर अडकवायची. वजन जवळजवळ नाही, जाडी वाढत नाही, शर्टाखाली उठून दिसत नाही. क्लिप लोकप्रिय का आहे, हे यातच आलं.

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाची म्यान. चामड्याची किंवा कायडेक्सची. कायडेक्स हे तापवून हव्या त्या आकारात बसवता येणारं कडक प्लास्टिक. चांगलं होल्स्टर दोन कामं करतं : पिस्तूल जागेवर धरून ठेवतं आणि ट्रिगर पूर्ण झाकतं. क्लिप यातलं फक्त पहिलं काम करते. ट्रिगर उघडाच राहतो.

उघड्या ट्रिगरने काय होतं?

ग्लॉकसारख्या पिस्तुलात तीन अंतर्गत सुरक्षा यंत्रणा असतात. पिस्तूल पडलं किंवा आपटलं तरी गोळी सुटू नये, हे त्या बघतात. पण ट्रिगर मागे ओढला, की या तिन्ही यंत्रणा आपोआप बाजूला होतात. नेहमीच्या मॉडेलला बोटाने दाबायचं वेगळं सेफ्टी बटण नसतं आणि ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर पुरतो. तो जोर बोटाचा आहे, जॅकेटच्या दोरीचा आहे की शर्टाच्या चुणीचा, हे पिस्तुलाला कळत नाही. खरा धोका पिस्तूल परत कमरेत खोवताना असतो. त्या वेळी कापड ट्रिगरमध्ये अडकू शकतं, आणि नळीचं तोंड आपल्याच मांडीकडे असतं.

नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याच्या कमरेला खोचलेलं ग्लॉक घसरलं. ते सावरताना गोळी सुटली आणि त्याच्याच मांडीत घुसली. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल २००९ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. क्लिप असती तर पिस्तूल कदाचित घसरलं नसतं, हे मान्य. पण ट्रिगर तरीही उघडाच राहिला असता.

उलट बाजूही बघा. जून २०१८ मध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये ड्युटीवर नसलेल्या एफबीआय एजंटने नाचताना कोलांटउडी मारली. त्याचं पिस्तूल खाली पडलं आणि घाईघाईने उचलताना गोळी सुटून दुसऱ्याच माणसाच्या पायाला लागली. म्हणजे पकड आणि झाकण दोन्ही हवं. एकावर भागत नाही.

क्लिपवाल्यांचं म्हणणं

काही जण म्हणतात, चेंबर रिकामा ठेवा, मग क्लिप सुरक्षित आहे. बरोबर आहे, पण मग ऐन वेळी पिस्तूल तयार करायला दोन्ही हात लागतात. ज्यांचा ट्रिगर ओढायला बराच जड असतो अशा डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये धोका तुलनेने कमी, पण शून्य नाही. मधला मार्गही आहे. फक्त ट्रिगर झाकणारं छोटं कायडेक्सचं झाकण मिळतं. ते दोरीने बेल्टला बांधलेलं असतं आणि पिस्तूल बाहेर काढताना आपोआप निघतं. मित्राला मी हेच सांगितलं : क्लिप लावायचीच असेल, तर या झाकणाशिवाय नको.

कायदा काय बघतो?

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची अट नाही. तिथला कायदा सांगतो, की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल उघडपणे दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं. लपवलेल्या पिस्तुलाला ती अट नाही. लोक घाबरू नयेत याची काळजी कायद्याने घेतली. पण पिस्तूल दिसत नाही म्हणून त्याचा ट्रिगर कमी धोकादायक होत नाही, आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ते पिस्तूल आहे हेही माहीत नसतं. माझं मत स्पष्ट आहे : प्रशिक्षणाची सक्ती काढलीच आहे, तर ट्रिगर झाकलेला असावा, एवढी एक ओळ तरी कायद्यात यायला हवी.