सतरा सप्टेंबरचा हिशेब

दरवर्षी सतरा सप्टेंबरला सेलूत झेंडा चढतो. शाळेची पोरं इस्त्रीच्या कपड्यात उभी राहतात. भाषण ठरलेलं: निझाम, रझाकार, पोलीस ॲक्शन, मुक्ती. देश 15 ऑगस्ट 1947 ला सुटला, आपला मराठवाडा तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला. टाळ्या. पेढा. सुट्टी.

लहानपणी मीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आजाला विचारलं, "आबा, त्या दिवशी तू कुठं व्हतास?"

आजानं विडी विझवली. "कुठं असनार? वाड्यावर. लाकडं फोडायलो व्हतो."

"मंग मुक्ती झाली तवा?"

"झाली की. कुनीतरी सांगत आलं, निजाम गेला म्हनून. वाड्यावरनं साखर वाटली. आमाला बी दिली, वरून टाकली हातावर. मंग म्हनले, राह्यलेली लाकडं फोड."

भावांनो, भाषणात न येणारी मुक्ती ही आहे. राज्य बदललं. वाडा त्यांचा, कुऱ्हाड आमच्या हातात, आणि साखर वरून.

असं बोललं की कुणीतरी शहाणा विचारतोच, "म्हणजे तुम्हाला निझाम पाहिजे होता का?" नाही बाबा. निझामाच्या राज्यात आमच्या नशिबी येसकरी होती, वेठ होती. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्येच जाहीर सांगितलं होतं की हैदराबादच्या अस्पृश्यांनी निझामाची बाजू घेऊ नये, धर्म बदलून जीव वाचवण्याच्या मागं लागू नये. आमची निष्ठा तपासायची गरज नाही. तरीही ॲक्शननंतर "तुम्ही रझाकाराचे" म्हणून सूड उगवायला आले ते कोण? आजा म्हणायचा, आठ दिवस ज्वारीच्या रानात झोपलो. मुसलमानांवर काय गुजरलं, ते पाहायला सरकारनंच सुंदरलाल समिती पाठवली. तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मेले. तो अहवाल कैक दशकं कपाटात राहिला. ज्या मुक्तीचा अर्धा कागद कपाटात ठेवावा लागतो, तिचं भाषण नेहमी छान होतं.

आणि निझामाचं काय झालं? 26 जानेवारी 1950 ला तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. 1956 साली राज्याचे तुकडे होईपर्यंत तोच. ज्याच्यापासून सुटलो, तोच गादीवर! वरच्यांचा समझोता एका सहीत होतो. आमचा हिशेब तीन पिढ्या चालतो.

तर हिशेबच करू. नव्या देशाकडून आजाच्या तीन आशा होत्या: जमीन, पाणी, अक्षर.

आधी जमीन. 1949 साली जहागिरी गेल्या. 1950 साली हैदराबादचा कूळ कायदा आला. चांगलं झालं. पण कूळ म्हणून कागदावर नाव लागायला आधी कुणीतरी जमीन कसायला द्यावी लागते. आजा कूळ नव्हता, सालगडी होता. सालगड्याचं नाव कोणत्या रकान्यात लिहितात? वाड्याच्या उधारीच्या वहीत.

म्हणून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. 1959 साली, मग 1964-65 साली माणसं तुरुंगात गेली. मागणी साधी होती: पडीक आहे ती द्या. दिली नाही, म्हणून आमच्या लोकांनी गायरान फोडलं. माझ्या बापानं तीन एकर फोडलं. धोंडे उचलून उचलून माझ्या आईची बोटं वाकडी झाली. 1991 साली सरकारनं ठराव काढला: 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं कायम करू. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची घातली. जमीन मात्र घातली नाही. बाप अर्ज करत मेला. 2022 साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि गावोगाव पुन्हा नोटिसा निघाल्या: हटा.

आमच्याकडे पुरावा काय? दंडाच्या पावत्या. तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीत "अतिक्रमणदार" म्हणून बापाचं नाव. दुसऱ्याच्या मालकीचा पुरावा सातबारा. आमच्या कसण्याचा पुरावा म्हणजे गुन्ह्याची पावती. आणि तीही पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली, जपून ठेवलेली.

मग पाणी. 1972 चा मे, दुष्काळाचे दिवस. याच परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावात दोन बौद्ध बायांना नागवं केलं गेलं. देश तेव्हा स्वातंत्र्याचं रौप्यमहोत्सवी वर्ष साजरं करत होता. त्या 15 ऑगस्टला 'साधना'त राजा ढाले यांचा लेख आला. त्यांनी दोन शिक्षा शेजारी ठेवल्या: राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड, ब्राह्मणगावच्या बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास. महाराष्ट्र खवळला. कशानं? पन्नास रुपयांनी नाही. झेंड्याबद्दलच्या शब्दांनी. बाईच्या अब्रूचा भाव कुणी ठरवला, हे विचारायला किती जण रस्त्यावर आले?

आता अक्षर. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. तिथं शिकलेल्या पहिल्या पिढीनं आमची तोंडं उघडली. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. नाव यायला 14 जानेवारी 1994 उजाडला. एका पाटीसाठी साडेपंधरा वर्षं! तीही नामांतर नाही, नामविस्तार.

आणि 10 डिसेंबर 2024. परभणीत स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांत पोलीस. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी. 15 डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमा लिहिल्या होत्या. कायदा शिकणारं पोरगं कायद्याच्या ताब्यात मेलं. पंच्याहत्तर वर्षांच्या प्रजासत्ताकाची ही परभणीची पानं.

इथं आपल्यातला एखादा पोरगा उठून म्हणतो, "दादा, मग हे स्वातंत्र्यच खोटं. फेका सगळं."

नाही रे. माझं भांडण आहे ते इथंच, आणि तुझ्याशीही आहे.

25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी जे सांगितलं त्याचा अर्थ लावा. राजकारणात समता येईल, समाजात आणि पोटापाण्यात विषमता राहील. ती लवकर मिटवली नाही तर भोगणारे लोक हा डोलाराच उडवतील. हे त्यांना पहिल्या दिवसाआधीच माहीत होतं, तरी त्यांनी घटना दिली. का? कारण वाड्यावर दाद मागायला रकानाच नव्हता. इथं तो आहे. आजाला "नाही" म्हणायची सोय नव्हती, मला आहे. खोटं आहे ते भाषण. हत्यार खरं आहे, पण पेटीत ठेवलेलं हत्यार गंजतं.

त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं: ती हुकूमशाहीकडं नेते. आपण काय केलं? डीजे लावला. गटागटाचे फ्लेक्स लावले. संविधानाला हार घातला आणि कलम उघडलं नाही. तहसीलला गायरानाच्या सुनावणीला सात माणसं, जयंतीच्या मिरवणुकीला सात हजार. मी स्वतः त्या सात हजारांत कैक वर्षं नाचलो. बापाच्या सुनावणीच्या दिवशीही नाचायचा सराव चालू होता. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

तेव्हा येत्या सतरा सप्टेंबरला झेंड्याला सलाम करा. तो आपलाही आहे, कुणाच्या बापाचा नाही. पण पेढा खाऊन घरी जाऊ नका. गावोगाव तलाठ्याकडं जा, एक-ईचा उतारा मागा, माहितीच्या अधिकारात मागा. पेटीतल्या पावत्या बाहेर काढा. म्हाताऱ्यांना विचारा, कोणतं साल, कोणता धोंडा, लिहून घ्या. ग्रामसभेत एकच विषय ठेवा आणि उठायचं नाही.

आजा गेला तेव्हा त्याच्या नावावर एक गुंठाही नव्हता. कुऱ्हाड तेवढी घरात आहे, दांडा नवा बसवलाय. मी तिनं लाकडं फोडतो. पण आता माझ्या चुलीसाठी. एवढंच स्वातंत्र्य आलंय आमच्याकडं. बाकीचं आणायला निघायचंय.

जय भीम.