संगणकाचे बारसे

निमोण्याच्या घरी दोन संगणक एकमेकांना जोडताना प्रत्येकाला वेगळे नाव द्यावे लागले. भाचा म्हणाला, "मावशी, 'रुद्र' आणि 'ब्रह्म' ठेव."

त्याचे काय चुकले? पुण्यात १९९१ साली घडलेल्या 'परम' महासंगणकाच्या वंशात हीच नावे आहेत. स्त्री दिसते ती 'शक्ती' म्हणून. नाहीतर घरोघरी हुकूम झेलणारी 'अलेक्सा'. देवी किंवा दासी! कर्तबगार बाई कुठे आहे? अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेने महासंगणकांना ग्रेस हॉपर, गर्टी कोरी या शास्त्रज्ञ स्त्रियांची नावे दिली.

मी एकाला 'कमला' म्हटले, १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या कमला सोहोनींवरून. दुसऱ्याला 'यमुना'. डॉ. आनंदीबाई जोशींचे हे माहेरचे नाव लग्नात पुसले गेले.

आपली नावे आजवर इतरांनी ठरवली. मैत्रिणींनो, नाव ठेवण्याचा हक्क आता आपणही बजावू या.