पाण्याची पाहणी आणि घरातले पिंप

उन्हाळा जवळ आला की कुठे नगरपालिकेतर्फे, कुठे महाविद्यालयातर्फे घरोघरी पाण्याची पाहणी होते. माणसे किती, नळ किती, रोज पाणी किती लिटर लागते, असे प्रश्न त्यात असतात. माझे मत विचाराल तर लिटरच्या प्रश्नातून फारसे हाती लागत नाही. आपल्या आयाबाया पाणी मोजतात हंड्यांत आणि बादल्यांत. लिटर विचारले की त्या अंदाजाने काहीतरी सांगतात आणि मुले ते लिहून घेतात. जलजीवन मिशनचे खेड्यासाठी दरडोई 55 लिटरचे प्रमाण योजना आखणाऱ्यांच्या कामाचे आहे. घरातले आजार त्यावरून कळत नाहीत.

त्यासाठी विचारायला हवे ते असे : पाणी किती दिवसांनी येते, आणि तोवर ते कशात राहते? जिथे नळ चौथ्या किंवा आठव्या दिवशी येतो, तिथे पिंप, टाकी, रांजण भरलेले असणारच. (दात घासताना नळ बंद ठेवा, हा उपदेश अशा गावाला काय कामाचा?) डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास गटारात नव्हे, तर अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. 2006 साली महाराष्ट्रात आलेली चिकुनगुन्याची साथ आणि त्यातली सांधेदुखी अनेकांना आठवत असेल.

म्हणून आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असे सांगतात. त्यावर एका बाईंनी मला विचारले, ''डॉक्टर, आठ दिवसांनी आलेलं पाणी ओतून देऊ?'' प्रश्न रास्त आहे, आणि सांगणाऱ्याने त्याचे उत्तर जवळ ठेवलेच पाहिजे. पाणी ओतायचे नाही. दुहेरी फडक्यातून ते दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, पिंप आतून खरखरीत घासावे आणि पाणी पुन्हा भरून घट्ट झाकावे. घासणे महत्त्वाचे, कारण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. फडक्यातल्या अळ्या कोरड्या जमिनीवर झटकाव्यात. बांधीव हौद उपसता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत.

दुसरी गोष्ट शिळ्या पाण्याची. नळ आला की कालचे भरलेले पाणी मोरीत ओतून ताजे भरण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. झाकलेले स्वच्छ पाणी एका रात्रीत नासत नाही. पिण्यासाठी मन घेत नसेल तर आंघोळीला, धुण्याला वापरा. माझ्या मते या एका सवयीत जितके पाणी जाते, तितके दुसऱ्या कशातही जात नसेल; पण पाहणीच्या तक्त्यात तिचा उल्लेखही नसतो.

उलट जिथे काटकसर करू नये तिथे ती होते. टंचाईत पहिली कात्री लागते ती हात धुण्याला. शौचाहून आल्यावर आणि मुलांना भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवायला तांब्याभर पाणी लागते. ते वाचवल्यास घरात जुलाब येतात आणि मळलेली धुणी धुवायला बादल्याच्या बादल्या जातात. पिण्याचे पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे आहे की हात बुडवून पेला भरतात, हे पाहणी करणाऱ्या मुलांनी तोंडी विचारू नये. पाणी प्यायला मागावे आणि पाहावे.